सेल्फला रंगाचे दोन हात

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी व्हॅन चालू झाली नाही. किल्ली फिरवली, 'टक' असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. हॉर्न ठीक, दिवे ठीक. फक्त इंजिन तोंड उघडायला तयार नाही.

मी घाबरलो नाही. मला आवाजावरून दुखणं कळतं. उभा जन्म लोखंडी कपाटं बनवण्यात गेलाय. दार लावल्याचा आवाज ऐकून कुठली बिजागरी ढिली आहे ते पाठमोरा सांगतो. हा टक बॅटरीचा. वादच नको.

हिने विचारलं, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं का? मी नुसता हसलो.

सोळा तारखेला, रविवारी, लेकीला तिच्या पहिल्या नोकरीच्या गावी पोचवायचंय. चार तासांचा रस्ता. लेक, ही, मी, सगळं सामान आणि तिच्या खोलीसाठी मी स्वतः बनवलेला रॅक. तिला खोलीत नीट बसवून द्यायचं, रॅक भिंतीला माझ्या हाताने लावायचा आणि मगच परत फिरायचं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. वेळ भरपूर आहे.

संकल्प : घाई करायची नाही. गाडीला बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवी बॅटरी बसवली. टक.

पण टक-टकमध्ये फरक असतो. कालचा टक आजारी माणसाचा होता. आजचा खणखणीत आहे. म्हणजे बॅटरी बदलली ते बरंच झालं.

हिने विचारलं, झाली का चालू? म्हटलं, सुधारणा आहे.

लेक म्हणाली, बाबा, मी बसने जाते, मोठं सामान मागाहून पाठवा. म्हटलं, आणि बसमध्ये रॅक कोण मांडीवर घेणार? ती म्हणाली, रॅक नसला तरी चालेल हो. पोरवय आहे, बोलून जातात. तेवीस वर्षांची झाली तरी पोरवयच ते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. काम द्यायला नव्हे, त्याला कितपत कळतं ते बघायला. तो संत्रं खात आला, संत्रं खातच गाडीखाली गेला आणि कशावर तरी हातोडीने दोनदा ठोकलं. म्हणाला, मारा किल्ली. मारली. चालू झाली!

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. माझी गाडी, आणि दुसऱ्याच्या हातोडीने चालू होते.

म्हणाला, सेल्फ गेलाय. म्हणजे स्टार्टर मोटर. किल्ली फिरवली की तीच इंजिनाला पहिला हिसका देते. आतले कार्बन झिजलेत, ठोकलं की तात्पुरते टेकतात. नवीनच टाका. शनिवारनंतर आणा गाडी, बघतो.

सेल्फचा अंदाज मला सोमवारीच आला होता. बॅटरीपासून सुरुवात केली ती पद्धत म्हणून.

त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेलो आणि परत वळलो, तोच त्याचं बोलणं कानावर पडलं. बाहेर उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगत होता, कपाटवाल्यांकडे काम दहा मिनिटांचं आणि भाषण तासाचं. माझे कान किती तिखट आहेत, हे त्याला माहीत नाही.

ठरलं. सेल्फ मीच बदलणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तीन ठिकाणी डिलिव्हरी. प्रत्येक ठिकाणी परत निघताना खाली उतरायचं, आडवं व्हायचं, हातोडीने टकटक करायचं, उठायचं, कपडे झटकायचे, किल्ली मारायची. एका गिऱ्हाईकाने विचारलं, काय झालं हो? म्हटलं, रुटीन चेकिंग. दुसऱ्या ठिकाणच्या बाई त्यांच्या यजमानांना म्हणाल्या, बघा, माणसं गाडीची किती काळजी घेतात, नाहीतर तुम्ही.

वाईट अनुभव म्हणता येणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नवा सेल्फ आणला. जुना काढल्यावर दुकानात जमा करायचा, असा व्यवहार ठरला. पार्टवाल्याने विचारलं, बसवणार कोण? म्हटलं, मी. त्याने खोकं हातातच धरून ठेवलं. मग म्हणाला, काका, आधी बॅटरीची वायर काढा. म्हटलं, हे तुम्ही मला सांगताय?

शनिवार, ८ फेब्रुवारी

बॅटरीची वायर काढायची राहिली.

पाना लागल्याबरोबर ठिणगी अशी उडाली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. पान्याचा उंदराने कुरतडल्यासारखा तुकडा गेला. मला काही झालं नाही, फक्त बराच वेळ सगळं हिरवं दिसत होतं. बॅटरीची वायर आधी काढावी, हे आता मी कुणालाही अधिकाराने सांगू शकतो.

सेल्फचे दोन बोल्ट. खालचा चटकन निघाला. वरचा मात्र कंपनीने अशा जागी ठेवलाय की तिथे हात गेला तर डोळे जात नाहीत आणि डोळे गेले तर हात जात नाही. ज्याने ही जागा ठरवली, त्याचं माझ्याशी काहीतरी जुनं असणार.

लेक टॉर्च घेऊन आली. धरू का, म्हणाली. म्हटलं, तू तुझी बांधाबांध कर, इथे मला आवाजावरून समजतं. टॉर्च ठेवून गेली. नंतर वापरला.

मान डावीकडे वळत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

जुना सेल्फ हाती आला. म्हणजे छातीवर आला. लागलं, पण समाधान मोठं. लगेच दुकानात जमा करून आलो.

आता नवा. खोक्यातून काढला आणि मन खट्टू झालं. कच्चं अॅल्युमिनियम, ओतकामाचे डाग, कडा खरखरीत. असा माल माझ्या हातून गाडीला लागणार? आमच्या वर्कशॉपमधून बिनरंगाचा खिळासुद्धा बाहेर जात नाही. एका स्प्रे गनवर मी हा संसार उभा केला तो उगाच नाही.

पॉलिश पेपर मारला. प्रायमर. मग ग्रे, दोन हात. दोन्ही बोल्टही रंगवले. सेल्फ इंजिनाला जिथे टेकतो ती जागा तारेच्या ब्रशने घासून तिथेही एक हात दिला. सेल्फ भट्टीत भाजून काढला. काय रूप आलंय!

ही म्हणाली, अहो, जे जन्मात कुणाला दिसणार नाही त्याला रंग कशाला? लोकांना नेमकं हेच कळत नाही. कपाटाची पाठ कोण बघतं? तरी आम्ही रंगवतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

रंग पक्का व्हायला एक दिवस दिला. सेल्फ टेबलावर ठेवला होता. एका गिऱ्हाईकाने मिक्सर आहे का म्हणून विचारलं. म्हटलं, त्याहून वरचं आहे.

डिलिव्हरी सगळ्या उद्यावर. रॅकलाही शेवटचा हात मारून घेतला. लेकीला विचारलं, खोलीची भिंत कशी आहे? म्हणाली, भिंतीसारखी. मेहुणे बसलेले होते, ते हसले. मेहुण्यांची नवी गाडी आहे. तिला किल्लीच नाही, बटण आहे. दाबलं की चालू होते, पण आवाज नाही. ज्या गाडीला आवाज नाही, तिची तब्येत माणसाने ओळखायची कशी?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी : बसवला. बॅटरीची वायर आधी काढली होती. वरचा बोल्ट एका दमात. हात बसलाय आता. हिला आणि लेकीला बाहेर बोलावलं, बघा म्हटलं. किल्ली फिरवली.

टक.

दुपारी : टक.

संध्याकाळी : शांतपणे विचार केला. रंग उत्तम. फिटिंग उत्तम. बॅटरी नवी. राहता राहिला सेल्फ. माल खराब निघाला. हल्ली काही खरं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सेल्फ पुन्हा उतरवला, पार्टवाल्याकडे नेला. त्याने हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, हा आमच्याकडचाच का? म्हटलं, होता. आता बरा दिसतोय.

त्याने टेबलावर धरला, बॅटरीचे दोन चिमटे लावले. चिमट्याचे दात माझ्या रंगात कचकन रुतले, मला बघवेना. आणि सेल्फ असा गरगरला की काउंटरवरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

पार्टवाला म्हणाला, काका, हा तर पळतोय. आणि पळत नसता तरी रंगवलेला माल आम्ही परत घेत नाही.

घरी येऊन हिला म्हटलं, रंगाचं लोकांना वावडं आहे. पळतोय ते सांगितलं नाही. त्याच्या बॅटरीत काहीतरी जास्त असणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सेल्फ परत बसवला, किल्लीचा स्विच बदलला. टक. रिले नावाची एक डबी असते, ती बदलली. टक. दोन्ही वस्तू जुन्या झाल्याच होत्या, कधीतरी बदलायच्याच होत्या.

दुपारी चहा घ्यायला आत गेलो. लेक बाल्कनीत फोनवर होती. हळू बोलत होती. माझ्या कानांना हळू म्हणजे काय, जोरात म्हणजे काय. मामा, रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का? ... नाही, बाबांना नको सांगूस. ... हो ना रे, बिचारे फार खटपट करतायत.

बिचारे!

चहा न घेता वर्कशॉपमध्ये आलो. कशात मन लागेना. सेल्फ खाली उतरवला. चिमट्याच्या दातांनी रंगाचा टवका निघाला होता, ते बघून आणखीच वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत बसून आणखी एक हात मारला. जरा बरं वाटलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळीच बसवला. आता टकही नीट येत नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत कुजबुजल्यासारखा येतो.

मेहुणे आले. सहजच आलो म्हणाले. सहज आलेला माणूस खिशात मोजपट्टी घेऊन येत नाही. रॅक मोजला, डिकी मोजली. म्हणाले, भावजी, बाकी सगळं बसतंय, रॅक तेवढा राहील. आणि माणसं तिघंच बसतील, मागच्या सीटवर गाद्या आहेत. तुम्ही एकदा निवांत जाऊन या ना नंतर.

म्हटलं, बघू. रविवारपर्यंत माझी चालू होतेय. ते म्हणाले, हो हो, होणारच. हे 'हो हो' मी ओळखतो. मुदत टळल्यावर आम्ही गिऱ्हाईकाला म्हणतो तेच.

नोकरीचं पत्र आल्यापासून मी लेकीशी रॅकशिवाय काही बोललेलो नाही. बाकीचं गाडीत बोलू, असं ठरवलं होतं. चार तास आहेत, समोर रस्ता असतो, एकमेकांकडे बघावं लागत नाही. मेहुण्यांच्या गाडीत मला जागाच नाही.

आज संकल्प नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी गाडीखाली नुसता पडून होतो. सेल्फकडे बघत. इतका सुंदर रंग आणि इतका आडमुठा स्वभाव.

शेजारी पुठ्ठा सरकवून लेक येऊन पडली. बोलावलं नव्हतं. थोडा वेळ बघत राहिली, मग विचारलं, बाबा, याला जाड वायर एकच कशी? ही प्लसची ना? मग मायनस कुठंय?

म्हटलं, अगं, मायनसला वायर नसते. सेल्फची बॉडीच इंजिनाला टेकते, तोच मायनस. लोखंडातून करंट जातो परत. मला आनंद झाला. शेवटी पोरीला आपलं काम दाखवायची वेळ आली म्हणून.

तिने सेल्फ आणि इंजिनाच्या मधल्या फटीवर नख ओढलं. म्हणाली, मग मधे हे काय आहे?

म्हटलं, ग्रे.

म्हणाली, बाबा, रंगातून करंट जातो?

म्हटलं, हलका रंग असेल तर थोडाफार जाईल. आपल्या रंगातून कसा जाईल? आणि मग जे बोललो ते माझ्याच कानांनी ऐकलं.

ती हसायला लागली. इतकी हसली की डोकं खालून चासीवर आपटलं, तरी हसणं थांबेना. मी म्हटलं, लागलं का? म्हणाली, लागलं. आणि पुन्हा हसायला लागली. मग मलाही राहवेना. दोघंही गाडीखाली आडवे पडून हसतोय, बाहेर फक्त चार पाय. ही वरून ओरडली, काय झालं, शॉक बसला का?

सेल्फ उतरवला. दोघांनी पॉलिश पेपर घेऊन टेकायच्या जागा घासल्या. मी कडेकडेने थोडा रंग राखत होतो, तिने हातातून काढून घेतला आणि सगळं लखलखीत पांढरं केलं. बोल्टही घासले. इंजिनावरची जागाही. वरचा बोल्ट तिनेच लावला, तिचा हात बारीक आहे. टॉर्च मी धरला.

किल्ली फिरवली. पहिल्या हिसक्यात चालू.

तिने मामाला फोन करून सांगितलं, नको येऊस, बाबा नेतायत. माझ्यासमोर सांगितलं, मोठ्याने.

एक मुद्दा नोंदवून ठेवतो : दोष रंगाचा नव्हता. रंगात खोट असती तर थोडा तरी करंट गेला असता.

संध्याकाळी टाकी फुल करून आलो.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी

सामान चढलं. रॅक दोन चादरींत गुंडाळून वर बांधला. किल्ली, एक हिसका, चालू.

संकल्प : पोचेपर्यंत गाडी बंद करायची नाही. शंका म्हणून नाही. नव्या सेल्फला उगाच ताण कशाला?

रविवार, संध्याकाळी, परत आल्यावर

प्रवास झकास. जाऊन-येऊन गाडी एकदाही बंद पडली नाही. ही म्हणते, तुम्ही बंद केलीच कुठे? बंद पडणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, हा फरक तिला कळत नाही.

जाताना पूर्ण लक्ष इंजिनाकडे ठेवलं. दोघींना सांगितलं होतं, जरा कमी बोला, मला ऐकू येऊ दे. घाटाच्या अलीकडे लेक म्हणाली, बाबा, खरं सांगू का, मला जरा भीतीच वाटतेय. म्हटलं, थांब थांब, थर्डमध्ये काहीतरी वाजतंय. मग कान देऊन ऐकलं. काही नव्हतं, वर बांधलेला रॅक वाजत होता. तिला म्हटलं, हां, काय म्हणत होतीस? ती म्हणाली, काही नाही. नंतर खिडकीला डोकं टेकून झोपली. सकाळी लवकर उठली होती ना.

मधे चहाला थांबलो. दोघी उतरल्या, हिने माझा कप खिडकीत आणून दिला. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून चहा पिता येतो, अगदी आरामात.

तिची बिल्डिंग चांगली आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गल्ली अरुंद. मी गाडीतच बसलो. वॉचमन आला, म्हणाला, साहेब, गाडी बंद करा, धूर घरात जातोय. म्हटलं, सेल्फ नवा आहे, गरम राहू द्यावा लागतो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला, पण गेला.

सामान दोघींनी नेलं. खेपा झाल्या बऱ्याच. खोलीत दुसरी एक मुलगी राहते, ती खाली आली. धष्टपुष्ट, हसरी. तिने आणि लेकीने रॅक उचलला. मी आतून सांगितलं, कोपरे सांभाळा, रंग जाईल.

मग वरून ड्रिलचा आवाज यायला लागला. त्या मुलीकडे ड्रिल होतं म्हणे. आवाज ऐकताक्षणी कळलं, भिंत भुसभुशीत आहे, वरचं प्लास्टर नुसतं. ओरडून सांगितलं, मोठा प्लग घाला! इंजिनाच्या आवाजात वर पोचलं नाही. पुन्हा ओरडलो. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली, लेकीने बाहेर डोकावून हात केला. तिला वाटलं मी अच्छा म्हणतोय. मीही हात केला.

थोड्या वेळाने ती खाली आली. खिडकीशी वाकून म्हणाली, चला ना बाबा वर, दोनच मिनिटं. खोली तर बघा.

म्हटलं, अगं, गाडी चालू आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बरं. पुढच्या वेळी. हात थोडा वेळ तसाच होता. तेवढ्यात ही येऊन बसली, वॉचमन पुन्हा यायला लागला, म्हणून गिअर टाकला.

परतताना ही फारसं बोलली नाही. इंजिन मात्र सुरेख बोलत होतं, एका लयीत.

वर्कशॉपसमोर आणून लावली. ही उतरली आणि म्हणाली, आता तरी बंद करा. केली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या आधी खाली गेलो. गाडी रात्रभर थंड. किल्ली फिरवली. अर्ध्या हिसक्यात चालू.

बंद केली. परत फिरवली. चालू.

बंद केली, बाहेर एक चक्कर मारून आलो, सीटवर आरामात रेलून बसलो आणि पुन्हा फिरवली. चालू. डिलिव्हरीला नेली, तिथे मुद्दाम बंद केली, गिऱ्हाईकाच्या घरात जाऊन पाणी प्यायलो, कपाट कुठे ठेवायचं त्यावर भरपूर बोललो. खाली आलो. चालू. परत येऊन दारात पुन्हा तेच. चालू, बंद, चालू, बंद. शेवटी ही खिडकीतून म्हणाली, पुरे आता.

निर्दोष काम. इलेक्ट्रिशियन समोरून जात होता, संत्रं खात. थांबून ऐकलं, मान हलवली. माझी एक हाक गेली असती, पण आज भाषणाचा मूड नव्हता.

दुपारी मेहुण्यांचा फोन. पोचली का व्यवस्थित? म्हटलं, एकदम. गाडीने त्रास नाही ना दिला? म्हटलं, छे. मग विचारलं, खोली कशी आहे?

म्हटलं, छान आहे. तिसरा मजला. हवेशीर. भिंत जरा भुसभुशीत आहे, पण रॅक बसलाय.

उजेड? म्हटलं, भरपूर.

मेहुण्यांना चौकशा फार. म्हणाले, आणि खिडकीतून काय दिसतं?

फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं, काल तरी आमची गाडी दिसत होती.